सुपातला वेगळा दाणा

२०२३ च्या उन्हाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावात ओसरीवर बसून एक बाई रेशनचा तांदूळ निवडत होत्या. खडे एका बाजूला, तूस दुसऱ्या बाजूला. शिवाय सुपाच्या कडेला तिसरी एक ढिगुळी साचत चालली होती. तिच्यातले दाणे जरा जास्त पांढरे, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. "हे पिलास्टिकचं," त्या म्हणाल्या. "पाण्यात टाकलं की वर येतं. कोंबड्यांना पण नाही घालत मी."

बाईंची पारख बरोबर होती, निष्कर्ष तेवढा चुकला होता. दाणे खरोखरच वेगळे होते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, ते मळून शेवयांसारखे यंत्रातून दाबून काढायचे, तांदळाच्या मापाने तोडायचे, वाळवायचे आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळायचे, अशी त्यांची कृती. घडवलेला दाणा शेतातल्या दाण्याइतका भरीव नसतो, म्हणून पाण्यावर येतो. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी या तांदळाची घोषणा केली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत तो आधी पोचला. सरकारी मराठीत त्याचे नाव ‘गुणसंवर्धित तांदूळ’. किलोमागे दहा ग्रॅम. एवढ्या खटाटोपाने मिसळलेला दाणा त्या बाई तेवढ्याच निगुतीने वेचून फेकत होत्या. त्या एकट्या नव्हत्या. देशभरातून अशाच ‘प्लास्टिकच्या तांदळा’च्या बातम्या येत होत्या.

त्यांना हे आधी कुणी सांगायला हवे होते? रेशन दुकानदाराला स्वतःलाच माहीत नव्हते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक भित्तिपत्रक होते, त्यावर ‘गुणसंवर्धित’ हा शब्द होता आणि हसऱ्या कुटुंबाचे चित्र होते. दाणा तरंगतो, तो असा का दिसतो, यातले काही नव्हते. हे सांगू शकेल अशी म्हैसूरची एक संघटना मला मात्र त्या दिवशी आठवली.

भारतातल्या अन्नशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स (इंडिया). स्थापना १९५७ ची, मुख्यालय म्हैसूरला, सीएफटीआरआयच्या आवारात. सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाची संशोधनसंस्था तिच्या सात वर्षे आधी, १९५० मध्ये, राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा वाड्यात सुरू झाली. त्या काळाचा रोख तिच्या पहिल्या कामांवरून कळतो. शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ ७५ : २५ या प्रमाणात घेऊन, वर जीवनसत्त्वे घालून केलेले ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांचे पावडर दूध, ज्यातून पुढे अमूलचा डबा घराघरात आला. देश धान्याला मोताद होता आणि शास्त्रज्ञ पेंडीतून प्रथिने काढू पाहत होते. संघटना या मंडळींनी बांधली, त्यामुळे तिच्या घडणीत प्रयोगशाळा आणि कारखाना दोन्ही आले. स्वयंपाकघर जरा लांबच राहिले.

आज संघटनेच्या शाखा देशभर आहेत, त्यांत मुंबई, पुणे, नागपूरही आहेत. १९६४ पासून तिचे संशोधनपर नियतकालिक निघते, शिवाय उद्योगासाठी वेगळे नियतकालिक आहे. दरवर्षी अधिवेशन भरते, दर पाच वर्षांनी म्हैसूरला मोठे आंतरराष्ट्रीय संमेलन होते, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये जगभरच्या अन्नशास्त्रज्ञांची १९ वी जागतिक काँग्रेस नवी मुंबईत भरली. या कामाची किंमत कमी नाही. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातल्या, नागपूरच्या एलआयटीतल्या, माटुंग्याच्या आयसीटीतल्या मुलामुलींना आपला विषय केवढा मोठा आहे हे बहुतेक वेळा अशा अधिवेशनाच्या भित्तिफलकांपुढे उभे राहूनच कळते. नोकरीही तिथेच लागते.

पण हे सगळे घरातले बोलणे झाले. बाहेरच्या माणसाशी बोलण्याचे जे कार्यक्रम असतात, म्हणजे ७ जूनचा अन्नसुरक्षा दिन, १६ ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन, शाळेतली प्रश्नमंजूषा, भेसळ ओळखण्याची प्रात्यक्षिके, त्यांना मी बरीच वर्षे हजेरी लावतो आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, इंग्रजीत बीजभाषण, मग आभार आणि चहा. शेवटच्या रांगेत आणून बसवलेल्या बचत गटाच्या बायका घड्याळाकडे बघत असतात, कारण त्यांची एसटी साडेपाचची असते. एकदा त्यांतल्या एकीने मला हळूच विचारले, "लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून मीठ किती घालायचं ते कधी सांगणार?" ते त्या दिवशी कुणी सांगितले नाही.

शास्त्रज्ञाला लोकांशी बोलता येत नाही, असे मात्र नाही. या देशात ते एकदा फार देखणे साधले होते आणि त्याचा उल्लेख कुठल्याच स्मरणिकेत नसतो याची मला चुटपुट आहे. गोष्ट वनस्पती तुपाची. डालडा आला तेव्हा मोठा प्रश्न होता की साजूक तुपात तो मिसळला तर ओळखायचा कसा. दिसायला तेच, कणीही तशीच. वनस्पतीला रंगच द्यावा असे बरेच जण म्हणत होते, पण तापवल्यावर टिकेल आणि सहज काढता येणार नाही असा योग्य रंग सापडेना. मग वाट निघाली ती अशी: वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे. चवीला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पण संशयित तूप पातळ करून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवले की तळाशी बसलेला आम्लाचा थर गुलाबी, मग किरमिजी होतो. आम्लामुळे साखरेपासून जे द्रव्य तयार होते त्याच्याशी तिळातला एक घटक रंग धरतो. तिळाचे तेल ही जणू वनस्पतीच्या अंगावर गोंदलेली खूण होती, आणि ती वाचायला लागणारे साहित्य औषधाच्या आणि किराणा मालाच्या दुकानात मिळत होते. शास्त्रज्ञ इथे ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणत नव्हते. पडताळा पाहायचे साधनच त्यांनी लोकांच्या हातात ठेवले होते.

याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. भेसळ करणारा तीळ नसलेले दुसरे तेल किंवा चरबी घालतो तेव्हा परीक्षानळीत काहीच गुलाबी होत नाही, आणि ‘तूप शुद्ध आहे’ असा भलताच दिलासा घेऊन माणूस घरी जातो. प्रात्यक्षिके देणारे हे वाक्य बहुधा गाळतात. मधाचा थेंब पाण्यात टाकून बघा, मिरी पाण्यात टाका, पपईच्या बिया वर येतील, दुधात आयोडीन टाका, पिठूळ असेल तर निळे होईल. प्रयोग सगळे बरे आहेत, पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येतो आणि एकच उत्तर मिळते.

परीक्षानळीत रंग चढला की टाळ्या पडतात, म्हणून भेसळ हा लोकशिक्षणाचा लाडका विषय झाला आहे. खरा धोका बराच नीरस असतो. दर महाशिवरात्रीला, नवरात्रात, एकादशीला आपल्याकडे भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी येते. त्यात कुणी काही मिसळलेले नसते. भगर दमट जागी पडून राहते, तिच्यावर बुरशी धरते, बुरशी विष तयार करते. अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगते की सुटे पीठ घेऊ नका, भगर निवडून-धुऊन वापरा, फार दिवस साठवू नका. शेंगदाण्यातल्या आणि मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचेही तेच. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, बहुतेक आदिवासी. भाजून ते विष पूर्ण जात नाही. कडवट, काळवंडलेला दाणा तोंडातून थुंकून टाकायची आपल्या आजीची सवय हीच त्यातली पहिली आणि स्वस्तातली तपासणी आहे. यावर परीक्षानळीचा तमाशा करता येत नाही, म्हणून हे व्यासपीठावर येत नाही. माझ्या मते संघटनांच्या लोकसंपर्कातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. लोकांना घाबरायला शिकवले, पण कशाला किती घाबरावे याचा माप-तोल शिकवला नाही.

या मापातोलाची भाषा कुणी घडवली असेल तर ती मुंबईच्या एका बाईंनी. कमला सोहोनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता, तो हट्टाने मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर वर्षानुवर्षे काम केले, आरे दुग्ध वसाहतीला सल्ला दिला. एवढ्यावर त्यांचे चरित्र संपवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यांचा दुसरा डाव जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. देशातल्या पहिल्या ग्राहक संघटनांपैकी ही एक. सोहोनीबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. पेशीतल्या सायटोक्रोमवर काम केलेली बाई ग्राहकासाठी लिहू लागली, आणि आपण काही खालच्या पायरीवर उतरलो असे तिला वाटले नाही. (दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनाही स्वयंपाकघर हे अभ्यासाला कमी दर्जाचे ठिकाण वाटले नव्हते. घराण्याचाच गुण असावा.)

सोहोनीबाईंच्या मागे ग्राहक उभा होता. राष्ट्रीय संघटनेच्या मागे कोण असते? सभासदांत प्राध्यापक आणि संशोधक असतात, तसे बिस्किट, शीतपेय, मसाले, रंग, सुगंध विकणाऱ्या कंपन्यांचे तंत्रज्ञही असतात. अधिवेशनाच्या दारातल्या पट्ट्यांवर कंपन्यांची नावे असतात. यात गैर काही नाही, अन्नतंत्र हे उद्योगाचेच शास्त्र आहे. पण बाहेरून ऐकणारा माणूस ते लगेच हेरतो. "साखर वाईट नाही, अति वाईट" हे वाक्य बरोबर असले तरी ते शीतपेयाच्या फलकाखाली उभे राहून म्हटले की फुकट जाते.

हा पेच आपलाच नाही. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स १९३९ मध्ये स्थापन झाली, आज तिचे मुख्यालय शिकागोत आहे. लोकसंपर्कात ती आपल्या फार पुढे गेली. एकेका वादाच्या विषयावर तज्ज्ञांकडून सोप्या भाषेत टिपणे लिहून घेणे आणि पत्रकारांशी बोलायला काही शास्त्रज्ञ तयार करून ठेवणे, ही कामे ती कित्येक दशके करते आहे. रात्री नऊला वार्ताहराचा फोन आला तर कुणाला जोडून द्यायचा, याची यादी तयार असणे ही बारीक गोष्ट वाटते, पण अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. मात्र याच संस्थेने ‘अन्नविज्ञान नसते तर जग कसे असते’ अशा धर्तीची मोहीमही काढली. ती बघताना मला शाळेतला ‘सूर्य उगवला नाही तर’ हा निबंध आठवला. आपण किती गरजेचे आहोत हे सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो, मग तो शास्त्रज्ञ का असेना. ब्रिटनमधली अशीच, १९६४ मध्ये निघालेली संस्था शाळांसाठी ‘लव्ह फूड लव्ह सायन्स’ नावाने जे साहित्य देते ते मला अधिक पटते, कारण त्यात शिक्षकाला वर्गात उद्या काय करता येईल ते असते.

ब्रिटनने अर्थात विश्वासाची किंमत मोजलेली आहे. १९९० मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी गोमांस सुरक्षित असल्याचे दाखवायला कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीच्या तोंडाशी बर्गर धरला. १९९६ मध्ये सरकारला गाईंच्या मेंदूच्या रोगाचा आणि माणसांतल्या आजाराचा संबंध मान्य करावा लागला. त्यानंतर २००० मध्ये स्वतंत्र अन्न मानक संस्था उभी राहिली, आणि ‘लोकांना कमी कळते म्हणून त्यांना शिकवा’ या भूमिकेवर त्या देशात उघड शंका घेतली जाऊ लागली. आपल्या संघटनांच्या कार्यक्रमपत्रिकांत ती शंका अजून पोचलेली नाही.

आपल्याकडची तशी परीक्षा २०१५ मध्ये झाली. जूनमध्ये मॅगी बाजारातून मागे घेतली गेली. आरोप दोन होते: शिसे २.५ पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि ‘एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट) घातलेले नाही’ असे लिहूनही ग्लुटामेट सापडले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला आरोप खरा असेल तर गंभीर. दुसरा लेबलावरच्या दाव्याचा, कारण ग्लुटामेट टोमॅटोतही असते आणि गव्हाच्या प्रथिनांतही. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, मान्यताप्राप्त तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितली, शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरात पाकिटे परत आली. त्या सगळ्या महिन्यांत मी मराठी वाहिन्यांवर जेवढे पाहिले त्यात पीपीएम म्हणजे किलोत एक मिलिग्रॅम, एवढे साधे वाक्य कुणी उच्चारलेले ऐकले नाही. आजही लोकांना विचारा, ते सांगतात, "मॅगीत शिशाचं एमएसजी होतं ना?"

भाषेचा मुद्दा इथून सुरू होतो. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते. मराठी बाईच्या वाट्याला ‘आयएनएस ३३०’ असा घटकाचा नुसता क्रमांक येतो. त्याचा अर्थ सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचा आंबटपणा. पण फॉरवर्ड झालेल्या निरोपात ३३० हा कर्करोग करणारा सगळ्यात घातक अंक असतो. ही अफवा व्हॉट्सअॅपच्या पुष्कळ आधीची आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये व्हीलज्विफच्या रुग्णालयाच्या नावाने एक खोटे पत्रक फिरू लागले. सायट्रिक आम्लाचे शरीरातले चक्र शोधून काढणाऱ्या हान्स क्रेब्ज यांचे नाव त्याच्या मुळाशी असावे असे सांगतात, कारण जर्मन भाषेत ‘क्रेब्ज’ म्हणजे खेकडाही आणि कर्करोगही. रुग्णालयाने पुन्हा पुन्हा नाकारले, पत्रक फिरतच राहिले. आता ते मराठीत आहे, शेवटी ‘पुढे पाठवा, पुण्य लागेल’ ही ओळ जोडून. अफवेने आपले भाषांतर स्वतः करून घेतले. संघटनेची नियतकालिके इंग्रजीतच आहेत.

मराठीत लिहायचे तर शब्दांपासून तयारी लागते हे खरे. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ला ‘परिरक्षक’ म्हटले तर वाणीही समजत नाही आणि शास्त्रज्ञही. पण ‘टिकवण्यासाठी घातलेलं’ म्हटले तर दोघांना कळते. टेट्रापॅकमधले दूध सहा महिने कसे टिकते, त्यात नक्की काहीतरी घातले असणार, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. दूध १३५ अंशांच्या वर दोनचार सेकंद तापवून, निर्जंतुक केलेल्या पाकिटात हवा लागू न देता भरतात, मग नासवायला आत कुणी उरतच नाही. एवढे सांगून झाल्यावर पंढरपूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आमचं सोवळ्यातलं झालं." सोवळ्याचा तांत्रिक अर्थ याहून चांगला मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत २०२० पासून दोन लाख छोट्या उद्योगांना हात द्यायचे ठरले आहे, ३५ टक्के अनुदानासह. त्यात पापड, चटण्या, लोणची करणाऱ्या आपल्या बचत गटांच्या बायका मोठ्या संख्येने येतात. संघटनेच्या शाखांना लोकांपर्यंत जायचेच असेल तर वाट तिथून आहे, साडेपाचच्या एसटीच्या आत उरकणारी. मिठाचे प्रमाण, बाटली किती तापवायची, पीएच ४.६ च्या खाली का हवा, तेलाचा थर वर का राहिला पाहिजे. हे सांगणारे निवृत्त तंत्रज्ञ मला ठाऊक आहेत. ते आपल्या खर्चाने जातात, त्यांची नावे कुठल्या अहवालात येत नाहीत, आणि बायका त्यांना ‘लोणच्याचे सर’ म्हणतात.

त्या ओसरीवर मी बाईंना सगळे सांगितले. पीठ, लोह, शेवयांचे यंत्र. त्यांनी शांतपणे ऐकले. मग शेजारच्या उंबऱ्यावरून त्यांच्या जावेने विचारले, "आमच्या पोराला सिकल आहे. दवाखान्यात लोहाच्या गोळ्या नको म्हणतात. मग हा भात चालतो का?" त्या वेळच्या नियमांत पाकिटावर हा इशारा छापायला लागत होता: थॅलेसेमिया असलेल्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावा, सिकलसेल असलेल्यांनी लोहयुक्त अन्न टाळावे. पण रेशनचा तांदूळ पोत्यातून मापून पिशवीत पडतो आणि पोते दुकानातच राहते. पुढे २०२४ मध्ये तो इशाराही काढून टाकला गेला. भातातून मिळणारे लोह गोळीच्या मानाने फार थोडे असते, हे मला माहीत होते. पण त्या पोराचे रक्त मी तपासलेले नव्हते, आणि तिने विचारलेला प्रश्न माझ्या शेवयांच्या गोष्टीपेक्षा बराच पुढचा होता.

"डॉक्टरला विचारून सांगतो," मी म्हणालो. बाईंनी ती ढिगुळी वहीच्या कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. "त्यांना हे पण दाखवा," म्हणाल्या. पुडी अजून माझ्या खणात आहे. परवा उघडली तर चारपाच दाणे फुटून त्यांचे पीठ झाले होते.